मध्यस्थाचे शिक्षण : डॉ. राल्फ बंच यांची जीवनकथा



घरातील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात निघतो. कोणी अध्यापनाकडे वळतो, कोणी वकिलीकडे, कोणी परिचारिकेच्या सेवेकडे. पण भांडणाऱ्या दोन पक्षांना एकत्र बसवून त्यांचा तंटा मिटविण्याचे शास्त्र शिकण्यासाठीही विद्यापीठात जाता येते, असे सांगितले तर आपल्यापैकी पुष्कळांना अजून आश्चर्य वाटेल. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात क्वेकर बांधवांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये शांतता-अध्ययनाचा विभाग उघडला. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात १९८० च्या दशकात संघर्ष-निराकरणाचे पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. आपल्या देशातही दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते, आणि २०२३ मध्ये आपल्या संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही केला आहे.

परंतु आज ज्यांची कथा आपणांस सांगावयाची आहे, त्यांच्या तारुण्यात अशी पदवी जगात कोठेही नव्हती. तरीही या विषयाचा विद्यार्थी कोणत्याही देशातील असो, राल्फ बंच हे नाव त्याच्या अभ्यासात आल्याशिवाय राहत नाही. मध्यस्थ जन्मावा लागतो की तो घडविता येतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात शोधता येते. म्हणून हे चरित्र केवळ एका थोर पुरुषाची स्तुती म्हणून न वाचता त्या प्रश्नासाठी वाचावे, ही विनंती.

राल्फ जॉन्सन बंच यांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. आईला संगीताची आवड होती. आईची प्रकृती खालावली तेव्हा कोरडी हवा मानवेल या आशेने हे कुटुंब न्यू मेक्सिकोमधील आल्बुकर्क येथे गेले. पण १९१७ मध्ये आईचा अंत झाला. वडील त्यापूर्वीच घरापासून दूर गेले होते. दुःखावर दुःख असे की, आईच्या पाठोपाठ थोड्याच महिन्यांत मामानेही आपले जीवन संपविले. राल्फ आणि त्याची धाकटी बहीण ग्रेस ही दोन पोरकी मुले आता आजीच्या पदरात आली.

या आजीचे नाव ल्युसी जॉन्सन. घरात तिला सर्वजण नाना म्हणत. ती बाप्टिस्ट मंडळीतील श्रद्धावान स्त्री होती. देहाने लहानखुरी, पण मनाने पोलादी. मुलांना घेऊन ती लॉस एंजेलिस येथे आली. तेथील शाळेत कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकी शिक्षणाऐवजी हातकामाच्या वर्गात बसविण्याचा प्रघात होता, आणि राल्फलाही तसेच बसविण्यात आले. आजीला हे कळताच ती शाळेत जाऊन उभी राहिली. आपला नातू महाविद्यालयात जाणार आहे, तेव्हा त्याला त्यासाठी लागणारे विषय शिकविलेच पाहिजेत, असा तिने आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. वाचकहो, पुढे नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचलेल्या वाटेवरचा हा पहिला मैलाचा दगड एका वृद्ध स्त्रीने रोवला होता, हे आपण विसरू नये.

१९२२ मध्ये राल्फ जेफर्सन हायस्कूलमधून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. तरी शहरातील गुणवंत विद्यार्थ्यांच्या मंडळात त्याला केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला गेला. निरोपाच्या वेळी मुख्याध्यापकांनी आजीला, आम्ही तुमच्या नातवाला कधी निग्रो समजलोच नाही, अशा अर्थाचे गौरवोद्गार काढले. त्यांना वाटले आपण स्तुती करीत आहोत. आजीने मात्र त्यांना तेथेच शांतपणे समज दिली की, हा गौरव नसून आमच्या लोकांचा अपमान आहे, आणि राल्फला आपल्या वंशाचा अभिमान आहे. आवाज न चढविता, पण आपले म्हणणे तसूभरही न सोडता बोलण्याची ही रीत नातवाने पाहिली. आपल्या पुढील आयुष्यातील गुणांचे श्रेय ते आजीच्या शिकवणुकीलाच देत असत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत त्यांनी बास्केटबॉल खेळून शिष्यवृत्ती मिळविली, झाडलोटीचे काम करून वरचा खर्च भागविला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी संपादन केली. हार्वर्ड विद्यापीठाने पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, परंतु देशाच्या दुसऱ्या टोकास जाण्यासाठी व राहण्यासाठी पैसे कोठून आणावयाचे? तेव्हा लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय समाजाच्या महिलांनी वर्गणी काढून एक हजार डॉलर जमविले आणि आपल्या मुलाला हार्वर्डला धाडले. कष्टकऱ्यांच्या घरांतून आलेला तो पैसा होता. असा पैसा घेऊन शिकणाऱ्याच्या खांद्यावर किती ओझे असते, हे मिशनच्या वसतिगृहांत राहून शिकलेल्या आपल्यातील ज्येष्ठांना वेगळे सांगावयास नको.

१९२८ मध्ये राज्यशास्त्रातील एम. ए. पदवी मिळताच ते वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात अध्यापक झाले आणि तेथे राज्यशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. १९३० मध्ये रूथ हॅरिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अध्यापन करीत असतानाच डॉक्टरेटचे संशोधन चालू होते. त्यांनी निवडलेला विषय पाहण्याजोगा आहे. पश्चिम आफ्रिकेत फ्रान्सच्या ताब्यात टोगोलँड आणि डाहोमी असे दोन शेजारी प्रदेश होते. त्यांपैकी एक राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालील, तर दुसरा सरळसरळ वसाहत. कागदावर दोहोंचा दर्जा निराळा होता. मग तेथील सामान्य माणसाच्या आयुष्यात त्यामुळे प्रत्यक्ष काही फरक पडतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यासाठी ते स्वतः आफ्रिकेत गेले, कचेऱ्यांतील दप्तरे चाळली, अधिकाऱ्यांशी बोलले. १९३४ मध्ये या प्रबंधाला हार्वर्डचे पारितोषिक मिळाले, आणि अमेरिकेतील विद्यापीठातून राज्यशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

एवढ्यावर न थांबता त्यांनी आणखी दोन वर्षे मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. लंडनमध्ये ते प्रख्यात शास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांच्या वर्गात बसले, आणि पुढे स्वतंत्र केनियाचे अध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटा यांच्याकडून स्वाहिली भाषा शिकले. नंतर ते दक्षिण आफ्रिकेत व पूर्व आफ्रिकेत हिंडले. वर्णभेदाने पोळलेला हा विद्वान दुसऱ्या देशातील वर्णभेद वही-पेन्सिल घेऊन टिपून घेत होता. आपला संताप बाजूला ठेवून समोरच्याचे म्हणणे जसेच्या तसे ऐकावयाचे, ही कठीण विद्या त्यांनी येथे हस्तगत केली. मध्यस्थाच्या अभ्यासक्रमात आज ऐकण्याचे जे धडे दिले जातात, ते बंच यांनी खेड्यापाड्यांत असे गिरविले.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांना विद्यापीठातून सरकारी सेवेत आणले. १९४५ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार होत असताना, पारतंत्र्यातील व विश्वस्त प्रदेशांविषयीची प्रकरणे सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. टोगोलँडच्या धुळीत झालेला अभ्यास असा कोट्यवधी लोकांच्या कामी आला. लवकरच ते राष्ट्रसंघाच्याच सेवेत दाखल झाले.

आता आपण त्या भूमीकडे वळू, जिचे नाव प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर लहानपणापासून असते. पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल होता व तो सोडून जाण्याची त्यांची तयारी चालली होती. यहूदी आणि अरब, दोघेही त्या भूमीवर हक्क सांगत होते. १९४७ मध्ये राष्ट्रसंघाने अकरा देशांची एक समिती तेथे पाठविली. भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान हेही तीत होते. समितीत फूट पडली. बहुमताने फाळणी सुचविली, तर भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी एकाच संघराज्याची योजना मांडली. बंच हे समितीच्या कार्यालयात होते, आणि या दोन्ही परस्परविरोधी योजनांचे मसुदे त्यांच्याच लेखणीतून उतरले! दोन्ही पक्षांनी आपले म्हणणे ज्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवावे, असा विश्वास त्यांनी संपादन केला होता.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने फाळणीचा ठराव संमत केला. मे १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली व शेजारच्या अरब देशांशी युद्ध पेटले. राष्ट्रसंघाने स्वीडनचे काउंट फोक बर्नाडोट यांना मध्यस्थ नेमले आणि बंच यांना त्यांच्या मदतीस दिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी यरुशलेमेत बर्नाडोट यांच्या मोटारीवर एका यहूदी जहाल गटाच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. बर्नाडोट आणि त्यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल आंद्रे सेरो हे दोघेही ठार झाले. बंच त्या दिवशी त्यांना येऊन मिळणार होते. वाटेतील अडवणुकीमुळे त्यांना उशीर झाला, म्हणूनच ते वाचले. आपल्या वरिष्ठाचे शव पाहिल्यावर, त्याच्याच जागी उभे राहण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

प्रेषित पौल यरुशलेमेस निघाला असता त्याचे जहाज ज्या ऱ्होड्स बेटाला लागले होते, त्याच बेटावरील एका हॉटेलात जानेवारी १९४९ मध्ये इजिप्त व इस्राएल यांचे प्रतिनिधी उतरले. एकाच छताखाली, पण निरनिराळ्या मजल्यांवर. शत्रूच्या शेजारी बसण्याची अरब प्रतिनिधींची तयारी नव्हती. येथे बंच यांनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. कारण आज मध्यस्थीच्या वर्गांत शिकविल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी त्या हॉटेलात घडल्या.

प्रथम त्यांनी प्रत्येक पक्षाशी वेगवेगळे बोलून त्याला काय हवे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला कशाची भीती वाटते, ते जाणून घेतले. त्यानंतर एकत्र बैठक घेतली, पण तीत मोठा प्रश्न काढलाच नाही. कामकाज कोणत्या क्रमाने चालवावे, कोणती पद्धत पाळावी, एवढ्यावरच दोघांची संमती मिळविली. यामागचा हेतू असा की, लहान बाबीत का होईना, एकमेकांशी सहमत होण्याची त्यांना सवय लागावी. मोठ्या प्रश्नाचे त्यांनी तुकडे केले व एकेक तुकडा हाती घेतला. वाद विकोपास जाई तेव्हा ते स्वतः मसुदा लिहून दोघांपुढे ठेवीत, म्हणजे माघार घेणाऱ्याला आपण शत्रूपुढे नमलो असे वाटत नसे. फालुजा येथे इजिप्तची एक तुकडी इस्राएली सैन्याच्या वेढ्यात अडकली होती; तिच्यात पुढे इजिप्तचे अध्यक्ष झालेले नासरही होते. या गाठीवरच बोलणी मोडण्याची वेळ अनेकदा आली. रात्ररात्र जागून बंच एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात-येत राहिले. ताण सैल व्हावा म्हणून ते प्रतिनिधींसमवेत बिलियर्डही खेळत. त्यांनी स्थानिक कारागिरांकडून चिनी मातीच्या शोभिवंत थाळ्या करवून घेतल्या होत्या. करार झाला तर प्रत्येकाला एकेक आठवण म्हणून मिळेल, नाहीतर त्या तुमच्या डोक्यांवर फोडीन, असे ते हसत हसत प्रतिनिधींना बजावीत.

२४ फेब्रुवारी १९४९ रोजी इजिप्त व इस्राएल यांच्यात शस्त्रसंधी झाली. तिच्याच धर्तीवर २३ मार्चला लेबनॉनशी, ३ एप्रिलला जॉर्डनशी आणि २० जुलैला सीरियाशी करार झाले. थाळ्या वाटल्या गेल्या.

मात्र, वाचकहो, या यशाची मर्यादाही आपण प्रामाणिकपणे ओळखली पाहिजे. ही शस्त्रसंधी होती, शांतता नव्हती. आखलेल्या रेषा अंतिम सीमा नव्हेत, हे करारांतच नमूद होते. घरेदारे सोडून परागंदा झालेल्या लाखो पॅलेस्टिनी अरबांचा प्रश्न सुटला नाही. पुढे कायमचा तह होईल ही बंच यांची आशा फळाला आली नाही, आणि त्या भूमीत आजवर किती रक्त सांडले ते आपण जाणतोच. मध्यस्थ पूल बांधू शकतो, पण त्यावरून चालत जाण्याची इच्छा दोन्ही तीरांवरील लोकांनाच असावी लागते. तथापि बंदुका थांबल्या तेव्हा जे जिवंत राहिले, त्यांच्यासाठी ती शस्त्रसंधी लहान गोष्ट नव्हती.

१९५० चे नोबेल शांतता पारितोषिक बंच यांना जाहीर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण त्यांनी ते नाकारण्याचेच ठरविले होते. कारण राष्ट्रसंघाचा सेवक आपले नेमून दिलेले काम करतो, त्यासाठी त्याने बक्षीस का घ्यावे, असे त्यांना वाटले. सरचिटणीस ट्रिग्वे ली यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी ते स्वीकारले. त्याआधी १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात उच्च पद देऊ केले होते. तेही त्यांनी नाकारले, कारण राजधानी वॉशिंग्टनमध्ये वर्णभेद चालू होता आणि आपली मुले तेथे वाढवावीत असे त्यांना वाटेना. हार्वर्डने त्यांना प्राध्यापकपद दिले. पण राष्ट्रसंघाच्या कामातून त्यांची सुटका होईना, आणि एकही वर्ग न घेता त्यांनी १९५२ मध्ये त्या पदाचा राजीनामा दिला. अध्यापकाचा पिंड असलेल्या या माणसाला वर्गात परतता आले नाही.

जगाचे तंटे मिटविणाऱ्याला स्वदेशात मात्र उपमर्द सोसावे लागले. साम्यवादाच्या संशयावरून १९५४ मध्ये त्यांची चौकशी झाली. तीतून ते पूर्णपणे निर्दोष सुटले. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका नामांकित टेनिस क्लबाने त्यांच्या मुलाला वर्णामुळे सभासदत्व नाकारले. बंच यांनी ही गोष्ट जाहीर केली आणि क्लबाला माफी मागावी लागली. १९६५ मध्ये, प्रकृती ठीक नसतानाही, सेल्मा ते मॉन्टगोमेरी या पदयात्रेत ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत अग्रभागी होते. मध्यस्थाने दोन पक्षांत भेदभाव करू नये, हे खरे. पण न्याय व अन्याय यांच्यात त्याने तटस्थ राहावे असा त्याचा अर्थ नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

१९५६ मध्ये सुएझचा पेचप्रसंग उद्भवला, तेव्हा सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या हाताखाली राष्ट्रसंघाची पहिली शांतिसेना उभी करण्याचे काम बंच यांच्याकडे आले. निळ्या शिरस्त्राणाचे सैनिक जगाने प्रथम पाहिले ते तेव्हा. या सेनेत आपले भारतीय जवान होते, आणि पुढे जनरल ज्ञानी व जनरल रिखये या भारतीय सेनानींनी तिचे नेतृत्व केले. काँगो, येमेन, सायप्रस अशा एकामागून एक आगी विझविण्यासाठी बंच धावत राहिले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर युद्धबंदीवर देखरेख ठेवण्याचे कामही त्यांच्याच देखरेखीखाली चालले.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. मधुमेहाने शरीर पोखरले, दृष्टी अधू झाली. १९६६ मध्ये कन्या जेन हिचा अकाली मृत्यू झाला. १९६७ मध्ये इजिप्तच्या मागणीवरून शांतिसेना मागे घ्यावी लागली, आणि काही दिवसांतच ज्या सीमेवर त्यांनी अकरा वर्षे शांतता जपली होती तेथे पुन्हा युद्ध भडकले. तरीही त्यांनी हाती घेतलेले एक शेवटचे काम सुफळ झाले. बहारीन बेटांवर इराण हक्क सांगत होता. ब्रिटिश तेथून निघणार होते. बंच यांनी गाजावाजा न करता दोन्ही सरकारांशी बोलणी चालविली. राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीने तेथील लोकांचा कल अजमावला, आणि मे १९७० मध्ये सुरक्षा समितीने त्यांची स्वातंत्र्याची इच्छा मान्य केली. एकही गोळी सुटली नाही. म्हणूनच कदाचित या घटनेची आठवण फारशा लोकांना नाही.

९ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे डॉ. राल्फ बंच यांची प्राणज्योत मालवली. त्या दिवशी आपल्या देशाच्या दोन्ही सीमांवर युद्ध चालू होते आणि राष्ट्रसंघात त्याच युद्धावर चर्चा होत होती. तंटे मिटविण्यात हयात घालविलेल्या माणसाने डोळे मिटले ते एका नव्या तंट्याच्या गदारोळात.

मग मध्यस्थ जन्मावा लागतो की घडविता येतो? बंच यांच्याकडे पाहता असे म्हणावेसे वाटते की, आजीने त्यांना स्वाभिमान व संयम दिला, ती पायाभरणी होती. पण त्यावर जी इमारत उभी राहिली ती अभ्यासाची होती. वर्षानुवर्षे दप्तरे वाचली, परक्या भाषा शिकल्या, ज्यांच्याशी पटत नाही त्यांचेही म्हणणे टिपून घेतले, म्हणूनच ऱ्होड्समधील त्या रात्री त्यांना निभावता आल्या. नुसता सद्हेतू तेथे पुरला नसता. न्यूयॉर्क येथील पदव्युत्तर शिक्षणकेंद्रात आज त्यांच्या नावाची संस्था आंतरराष्ट्रीय प्रश्नांचा अभ्यास करते. वर्गात परतू न शकलेल्या गुरूला हे स्मारक शोभणारे आहे.

डोंगरावरील प्रवचनात आपल्या प्रभूने शांती करणाऱ्यांना जी पदवी दिली, तिच्याहून मोठी पदवी कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. परंतु ती कमावण्यासाठीही अभ्यास लागतो, हे आपण ध्यानात घेतो काय? आपल्या मंडळ्यांतील जमिनीचे, इमारतींचे, पदाधिकाऱ्यांचे कितीतरी तंटे वर्षानुवर्षे न्यायालयांत पडून आहेत. दोन भाऊ एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेत नाहीत, अशी घरेही आपल्या परिचयाची असतात. अशा वेळी आपण एखादा पक्ष घेतो, किंवा दुरून हळहळतो. दोघांचेही म्हणणे वेगवेगळे, शांतपणे, शेवटपर्यंत ऐकून घेणारा आपल्यात कोण आहे? आणि आपल्या पदवीधर मुलामुलींपैकी एखाद्याने हीच विद्या शिकावयाची इच्छा दर्शविली, तर त्याच्यासाठी वर्गणी काढणाऱ्या त्या लॉस एंजेलिसच्या भगिनींसारखे आपण उभे राहू काय? या दोन प्रश्नांची उत्तरे, वाचकहो, ज्याने त्याने आपापल्या घरी बसून द्यावयाची आहेत.